लाल कोटातला कप्तान

श्रोतेहो, नमस्कार. आज एक तैलचित्र बघू या. हो, रेडिओवरून! क्षणभर डोळे मिटा, मी सांगते.

एक म्हातारा खुर्चीत बसलाय. अंगात लाल कोट. वाऱ्यापावसाने रापलेला लालबुंद चेहरा. त्या काळी प्रतिष्ठित माणूस केसांचा टोप चढवल्याशिवाय चित्राला बसत नसे; याचे मात्र स्वतःचेच पांढरे केस, मोकळे. एका हातात हातमोजे, दुसऱ्या हातात राजाच्या सनदेचा शिक्का. टोपी खाली पायाशी. जवळ पृथ्वीचा गोल, मागे समुद्र आणि जहाजं. आणि पाय? पाय जमिनीला धड टेकत नाहीत. ते पाय लक्षात ठेवा.

हे कॅप्टन थॉमस कोरम, लंडनमधल्या टाकून दिलेल्या बाळांच्या आश्रमाचे संस्थापक. चित्रकार विल्यम होगार्थ, साल १७४०. मागचा उंच खांब, तो भरजरी थाट उमरावांच्या चित्रातला. होगार्थने तो एका खलाशाला दिला, पण खलाशाचे आखूड पाय काही लांब केले नाहीत.

आपल्याकडे शाळेत संस्थापकांची तसबीर पार छताला लागून टांगतात. मुलांना दिसतो तो फक्त हार. अहो, खाली लावा ना, मुलांच्या नजरेला! चेहरा ओळखीचा होऊ दे.

तर कोरम. अकराव्या वर्षी जहाजावर गेलेला माणूस. उतारवयात लंडनमध्ये पहाटे कामाला निघायचा, अंधारात परतायचा. आणि रस्त्याकडेला टाकून दिलेली तान्ही बाळं दिसायची. काही जिवंत, काही मेलेली. त्या बाळांसाठी आश्रम काढायचा म्हणून त्याने सतरा वर्षं लोकांचे उंबरे झिजवले. पुन्हा सांगते, सतरा वर्षं! १७३९ साली राजाची सनद मिळाली. चित्रात हातात आहे ती हीच.

आता २५ मार्च १७४१ची रात्र. लंडनच्या हॅटन गार्डन भागातलं भाड्याचं घर, आश्रम इथेच सुरू होणार. आधीच जाहीर केलेलं, की मूल दोन महिन्यांच्या आतलं हवं, आणणारीला कुणी काही विचारणार नाही. बाळासोबत ओळखीची एखादी खूण मात्र ठेवा. आठ वाजले. दारातला दिवा मुद्दाम विझवला, येणारीचं तोंड दिसू नये म्हणून. दार उघडलं आणि लगेच घंटा वाजली. एक बाई अंधारात बाळ घेऊन आत आली. मग दुसरी, मग तिसरी. मध्यरात्रीपर्यंत तीस बाळं झाली, जागा संपली. बाहेर अजून बायका उभ्याच. त्या रात्रीच्या नोंदीत लिहिलंय, की ज्यांची बाळं परत पाठवली त्यांचा आकांत आणि ज्या बाळ ठेवून निघाल्या त्यांचा आकांत, यांत फारसा फरक नव्हता.

चार दिवसांनी बारसं झालं. एका मुलाचं नाव ठेवलं थॉमस कोरम, एका मुलीचं युनिस कोरम. युनिस ही कप्तानाची बायको. आदल्याच वर्षी वारलेली. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं.

ते चित्र आज लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये आहे. फाउंडलिंग म्हणजे टाकून दिलेलं मूल. आयांनी ठेवलेल्या खुणाही तिथेच आहेत. नाणी आहेत, अंगठ्या आहेत, आणि ज्या आईकडे यातलं काहीच नसावं, तिने ठेवलेलं हेझलनटचं रिकामं कवच.