पाळी बदलताना

दुपारचे तीन वाजत आले की नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतल्या अनेक कारखान्यांत पहिली पाळी सुटते आणि दुसरी आत येते. या मधल्या पाच-दहा मिनिटांत सीएनसी यंत्रापाशी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्रापाशी) दोन ऑपरेटरांचे जे बोलणे होते, किंवा होत नाही, त्यावरून तिथल्या माणसांचे आपसांत कसे आहे ते ओळखता येते.

घरी निघालेला ऑपरेटर हात पुसता पुसता सांगतो, "भाऊ, तीन नंबरचा इन्सर्ट झिजत आलाय, दोनदा ऑफसेट दिलाय, पहिला जॉब मोजूनच पुढे जा." म्हणजे कापणारे पाते झिजत आले आहे, त्यासाठी यंत्रातले माप दोनदा दुरुस्त केले आहे, तेव्हा पहिला भाग तपासूनच पुढचे कर. दोघांत बिनसलेले असेल, तर हेच वाक्य गिळले जाते. कुणी कुणाला शिवी देत नाही, कुठे तक्रार जात नाही. फक्त जॉबचा व्यास वीस मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने, वाढतो आणि रिजेक्शन लागते ते नंतर आलेल्याच्या नावावर. त्यापेक्षा उघड भांडण परवडले, निदान ते सुपरवायझरच्या कानावर तरी जाते.

मात्र गटात मेळ आहे म्हणजे सारे आलबेल आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेत शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोन केंद्रांची उपकरणे जोडणाऱ्या १४ कामगारांचे काही महिने निरीक्षण करण्यात आले. काम वाढले तर मोबदला वाढणार होता, तरीही दिवसाचे 'पुरेसे' काम किती, हे त्यांनी आपसांत ठरवून टाकले होते. त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसे, फार कमी करणाऱ्याला टोमणे ऐकावे लागत आणि साहेबाकडे चुगली करणे तर गटाला मुळीच खपत नसे. एकमेकांना सांभाळून घेणारी आणि एकमेकांना दाबून ठेवणारी माणसे तीच होती.

आपल्याकडे यात कायम आणि कंत्राटी ही आणखी एक रेघ असते, आणि ती जेवणाच्या सुट्टीत डबे कुठे उघडतात त्यावरून दिसते. कित्येकदा यंत्राचा आवाज बदलल्याचे सगळ्यांत आधी कंत्राटी हेल्परच्या लक्षात आलेले असते, कारण चिप्स, म्हणजे धातूचा कीस, काढायला दिवसभर तोच तिथे वाकलेला असतो. पण पाळी बदलताना त्याला कुणी विचारत नाही. आणि तोही रिकामा डबा पिशवीत टाकून, न बोलता, हजेरीच्या रांगेत जाऊन उभा राहतो.