जीएच्या द्रावणापासून पेशीकेंद्रकापर्यंत

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर मणी धरू लागले, की डिपिंगची लगबग सुरू होते. बागेत काम करणाऱ्या महिला प्रत्येक घड हातात धरून द्रावणात क्षणभर बुडवतात, अलगद झटकतात आणि पुढच्या घडाकडे वळतात. द्रावणात जिबरेलिक आम्ल, म्हणजे जिबरेलिन गटातील एक वनस्पती-संप्रेरक आहे. बागाईतदार त्याला जीए म्हणतात. प्रमाण साधारणपणे ४० पीपीएम, म्हणजे लिटरभर पाण्यात अवघे ४० मिलिग्रॅम. एवढ्याशा पदार्थाने मणी फुगतो, तो पदार्थ मण्याला अन्न पुरवतो म्हणून नव्हे. तो लिगंड आहे, म्हणजे पेशीतल्या विशिष्ट ग्राही प्रथिनाला जाऊन जुळणारा रेणू.

एरवी जिबरेलिने मण्यातील वाढत्या बियांकडून मिळतात. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणात बियांची वाढ सुरुवातीलाच खुंटते, मणी लहान राहतो, आणि ती उणीव बागाईतदार बाहेरून भरून काढतो.

जीएची भुकटी पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून ती आधी अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवतात आणि द्रावणाचा सामू (पीएच) आम्लधर्मी ठेवतात. या काळजीला पक्के कारण आहे. आम्लधर्मी द्रावणात या रेणूंचा अधिक भाग विद्युतभाररहित असतो, आणि असा रेणू सालीवरचा मेणचट थर व पेशीपटल अधिक सहजपणे ओलांडतो.

आत शिरणे येथे आवश्यकच आहे. इन्सुलिनचा ग्राही पेशीपटलावर असतो, त्यामुळे इन्सुलिन बाहेर राहूनच आपले काम करते. जिबरेलिनचा ग्राही मात्र पेशीच्या आत, मुख्यतः केंद्रकात असतो. भाताची रोपे अवास्तव उंच वाढवणाऱ्या बुरशीच्या स्रावातच त्या उंचीचे रहस्य आहे, असे जपानी शास्त्रज्ञ एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले होते. त्या स्रावातील संप्रेरकाचा ग्राही सापडायला मात्र २००५ साल उजाडावे लागले. जपानी संशोधकांनी जिबरेलिनला दादच न देणाऱ्या भाताच्या खुज्या वाणावरून तो शोधला आणि त्याला जीआयडी-१ हे नाव दिले.

२००८ मध्ये त्याची त्रिमितीय रचना उलगडली, आणि माझ्या मते या कथेतला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. प्रथिनात एक खोल खोबण आहे. जिबरेलिनचा रेणू तिच्यात बसतो, त्याचा कार्बॉक्सिल गट खोबणीतील अमिनो आम्लांशी हायड्रोजन बंध जोडतो, आणि प्रथिनाचा एक लवचीक भाग झाकणासारखा त्याच्यावर मिटतो. हे बंध कायमचे नसतात. रेणू बसतो, सुटतो, पुन्हा बसतो. झाकण मिटलेले असताना त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर डेला नावाचे प्रथिन येऊन चिकटते. वाढीला आवर घालणारे प्रथिन ते हेच. अशा प्रकारे पकडल्या गेलेल्या डेलाला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते, प्रोटिअसोम ही पेशीतील प्रथिने मोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते, आणि डेलाने दडपून ठेवलेली जनुके कार्यरत होतात. म्हणजे जीए मण्याला वाढवत नाही. वाढीवरचा प्रतिबंध तेवढा दूर करतो.

ग्राहींची संख्या पेशीत मर्यादित असते. त्यांतील बहुतेक व्यापले गेले, की मात्रा वाढवूनही प्रतिसाद त्या प्रमाणात वाढत नाही. ‘जरा जास्तच टाकू’ हा विचार म्हणूनच फोल ठरतो. शिवाय तोच रेणू फुलोऱ्यात दिला तर काही फुले गळतात आणि घड मोकळा होतो. निरोप एकच असला, तरी उत्तर पेशीच्या अवस्थेवर ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा द्राक्षवेलच देते. पिनो मूनिए या वाणातून मिळवलेल्या एका खुज्या वेलीत डेला प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदललेले आहे, त्यामुळे ती वेल जिबरेलिनला दाद देत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की या वेलीवर जिथे ताणे यायचे तिथे घड येतात. जिबरेलिन वेलीला ताण्यांकडे नेते आणि त्याचा प्रभाव हटला की घडांकडे कल होतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नाशिकचे बागाईतदार सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) हे वाढरोधक फवारतात, ते यासाठीच. सीसीसी ग्राहीला स्पर्शही करत नाही; ते वेलीतील जिबरेलिनची निर्मितीच रोखते. लिगंड कमी पडल्याने पुष्कळ ग्राही रिकामे राहतात, डेला शाबूत राहते, आणि काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या कळीत, पुढच्या हंगामाचा घड धरण्याची शक्यता वाढते.