चार वर्षांचे रविवार

(पडद्यावर: समुद्र, उंच कडा, वाऱ्याचा आवाज)

न्यूझीलंड. वेलिंग्टनच्या उत्तरेला, पुकेरुआ बे नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाचा हा परिसर. कड्याच्या टोकावर दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. एकाला दाढी आहे, दुसऱ्याला नाही. जरा निरखून बघा. नाक तेच, डोळे तेच. कारण दोघंही पीटर जॅक्सनच आहेत, पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ करणारा दिग्दर्शक. एका बाजूचे शॉट दाढी ठेवून घेतले, दुसऱ्या बाजूचे दाढी काढून. मग कात्री चालली, आणि एकाच माणसाची स्वतःशीच मारामारी जुंपली.

हा सिनेमा ‘बॅड टेस्ट’. सुरुवात झाली 1983 च्या ऑक्टोबरात.

पीटरला तेव्हा 22 वर्षं पूर्ण होत होती. वेलिंग्टनच्या एका सायंदैनिकात छपाईसाठी फोटोंच्या प्लेट तयार करायच्या, ही त्याची नोकरी. मोकळा वार एकच, रविवार. जमवलेली मंडळीही मित्र आणि नोकरीतले सोबती. अभिनय कुणी शिकलेलं नाही, मानधनाचं नाव नाही. आपल्याकडे ज्याला घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात, अगदी तेच. ठरली होती एक छोटीशी फिल्म. वर्गणी मागत एक माणूस गावात शिरतो आणि तिथले लोक त्यालाच खायला उठतात. पण रविवारामागून रविवार गेले आणि गोष्ट फुगत गेली. माणसाच्या मांसाला दूरच्या ग्रहांवर मागणी आहे, म्हणून परग्रहवासी एक अख्खं गाव फस्त करतात, इथपर्यंत ती पोचली.

(पडद्यावर: जुना बोलेक्स कॅमेरा, चावी फिरवणारा हात)

कॅमेरा होता 16 मिलिमीटरचा बोलेक्स. घड्याळासारखी चावी द्यायची. पूर्ण चावी दिली तरी अर्ध्या मिनिटाच्या आत तो थांबणार. म्हणजे लांबलचक शॉटचा प्रश्नच नाही. शिवाय आवाजाची सोय नाही. संवाद, किंकाळ्या, बंदुकीचे बार, सगळं मागाहून भरलेलं. ह्या सिनेमाला जो वेग आहे, तो मला तरी ह्या चावीतून आलेला वाटतो. शॉट लवकर संपणार हे माहीत असल्यावर त्यात काहीतरी घडवावंच लागतं.

आता स्वयंपाकघरात येऊ या, कारण ह्या सिनेमाचा खरा कारखाना तिथे होता. परग्रहवासीयांचे मुखवटे फोम लेटेक्सचे, म्हणजे फेसाळ रबराचे. हे रसायन अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसेपर्यंत घोटायचं, साच्यात ओतायचं आणि मंद आचेवर तासन्‌तास भाजायचं. भट्टी कुठून आणणार? पीटरच्या आईचा ओव्हन होता. ज्यात घरचं जेवण शिजायचं, त्यातून राक्षसांची डोकी बाहेर पडू लागली. बंदुकाही घरीच केलेल्या, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि लाकूड जोडून.

आणि हसू कुठून येतं? बिनदाढीचा पीटर, म्हणजे सिनेमातला डेरेक, कड्यावरून पडतो, त्याची कवटी मागून फुटते, मेंदू बाहेर डोकावतो. तो काय करतो? मेंदू हाताने आत ढकलतो, कमरेचा पट्टा काढून डोक्याभोवती आवळतो आणि पुन्हा लढायला निघतो. आपण किळस येऊन तोंड फिरवतो आणि त्याच क्षणी फस्सकन हसतो. मुखवटा रबराचा आहे हे दिसतं, रक्त खोटं आहे हे कळतं, तरी नजर हलत नाही. भीती आणि हसू एकाच शॉटमध्ये बसवणं फार कठीण काम आहे. महागड्या सिनेमांनाही ते क्वचितच जमतं.

चार वर्षांत माणसांची आयुष्यं बदलतात. एक नट मध्येच निघून गेला, गोष्ट वळवावी लागली. नंतर तो परतला, पुन्हा वळवली. पैसेही आटले. तेव्हा न्यूझीलंड फिल्म कमिशनचे जिम बूथ यांनी ह्या पोरांचं काम पाहिलं आणि सिनेमा पुरा करायला सरकारी पैसा मिळाला. पुढे बूथ यांनी ती नोकरी सोडली आणि पीटरच्या सिनेमांचे निर्माते झाले. सरकारी अधिकाऱ्याने खुर्ची सोडून अशा पोरांसोबत उभं राहावं, ही गोष्ट मला ऑस्करइतकीच मोलाची वाटते. पुरा झालेला ‘बॅड टेस्ट’ फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या बाजारात गेला आणि तिथे परदेशी वितरकांना विकला गेला.

(पडद्यावर: पुन्हा कडा)

पण कड्यावरच्या त्या मारामारीकडे परत येऊ. मारणाराही पीटर, मार खाणाराही पीटर. मग कॅमेऱ्यामागे कोण? तो पडद्यावर असला की कॅमेरा मित्रांच्या हाती असायचा. वारा सुटलेला, हात गारठलेले. कुणीतरी चावी देतो, डोळा लावतो. हातात जेमतेम अर्धं मिनिट.

(कॅमेऱ्याची घरघर. काळोख.)