वेड हॅम्प्टनचे घराणे आणि नावे नसलेली यादी

अध्यक्ष महाशय आणि श्रोतेहो, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये आणि केंद्र सरकार यांच्यात १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या अमेरिकेतील यादवी युद्धाचा घटनाक्रम आपणा सर्वांना ठाऊक असल्याने मी थेट साउथ कॅरोलायना या दक्षिणेच्या राज्यातील वेड हॅम्प्टनकडे येतो. कापसाच्या मळ्यांचा हा मालक आधी सेनानी आणि मग गव्हर्नर कसा झाला, हे सांगण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. १८१८ मध्ये चार्ल्स्टन येथे जन्मलेला हा तिसरा वेड हॅम्प्टन. वडिलांचे आणि आजोबांचे नावही तेच. आजोबांनी कापूस आणि ऊस यांवर उभारलेली संपत्ती दक्षिणेत मोजक्या घराण्यांकडेच होती. नातवाने लष्करी शिक्षण घेतलेले नव्हते, तरी १८६१ मध्ये त्याने पायदळ, घोडदळ आणि तोफखाना एकत्र असलेले ‘हॅम्प्टन लीजन’ उभे केले व त्यासाठी स्वतःचा पैसाही ओतला. पुढे तो दक्षिणेच्या घोडदळाचा एक प्रमुख सेनापती झाला.

त्याच्या घराने या युद्धाची मोठी किंमत मोजली. भाऊ फ्रँक जून १८६३ मध्ये ब्रँडी स्टेशनच्या लढाईत पडला. २७ ऑक्टोबर १८६४ रोजी पीटर्सबर्गजवळ बर्जेस मिल येथे मुलगा प्रेस्टन याला गोळी लागली. बाप घोड्यावरून उतरून त्याच्याजवळ गेला. प्रेस्टनच्या मदतीला धावलेला दुसरा मुलगा वेड हाही तिथेच जखमी झाला. प्रेस्टन वाचला नाही, आणि लढाई चालूच असल्याने बापाला पुन्हा सैन्याकडे वळावे लागले. हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी तो मनाला लागतो.

माझी तक्रार इथेच आहे. हॅम्प्टन घराण्याविषयी लिहिणारे या मृत्यूला पानेच्या पाने देतात, पण ज्यांच्या श्रमावर ते घराणे उभे राहिले त्यांना एका आकड्यात गुंडाळतात. १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी केली गेली. तीत मालकाचे नाव लिहिले आणि त्याच्याखाली गुलामांचे केवळ वय, लिंग व वर्ण. साउथ कॅरोलायनाच्या सुमारे ७ लाख लोकसंख्येत ४ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. म्हणजे राज्याच्या बहुसंख्य प्रजेची अशी नोंद झाली. त्यांच्यातही बाप होते आणि मुलगे होते. कोणाचा मुलगा मिसिसिपीच्या मळ्यावर पाठवला गेला, कोणाची बायको विकली गेली, याचा शोध मालकाच्या हिशेबवह्यांत आणि मृत्युपत्रांत घ्यावा लागतो. त्यामुळे हॅम्प्टनच्या घराण्याचा इतिहास लिहिताना त्या वह्या प्रेस्टनच्या मृत्यूइतक्याच बारकाईने वाचल्या पाहिजेत, असा माझा आग्रह आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून कबूल केलेला भाग थोडक्यात सांगतो. युद्धात मिलवुड हा हॅम्प्टनांचा वाडा जळाला आणि १८६८ मध्ये हॅम्प्टन दिवाळखोर झाला. पण सेनानी म्हणून त्याची प्रतिष्ठा टिकली. दक्षिण हरली, गुलामगिरी संपली आणि मुक्त झालेल्या पुरुषांना मताधिकार मिळाल्यावर राज्याच्या प्रतिनिधिगृहात कृष्णवर्णीयांचे बहुमत झाले. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा ते सभागृह कामकाज चालवीत होते. तीनच वर्षांनी हॅम्प्टन गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांना धक्का लागणार नाही, असे तो सभांमधून सांगत असताना त्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे लाल सदरेवाले सशस्त्र घोडेस्वार मतदारांना धमकावत होते, आणि जुलैमध्ये हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीयांचे खून पडले होते. निकालावरून राज्यात दोन सरकारे उभी राहिली. एप्रिल १८७७ मध्ये राजधानीतून प्रतिस्पर्धी सरकारच्या पाठीशी असलेले केंद्राचे सैनिक मागे घेतले गेले आणि हॅम्प्टनची सत्ता निर्वेध झाली. त्याचे वैयक्तिक आश्वासन खरे होते असे मानले, तरी ते पाळायला लावील अशी कोणतीही शक्ती कृष्णवर्णीयांच्या हाती उरली नव्हती. साउथ कॅरोलायना राज्याच्या १८९५ च्या घटनेने त्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला, तेव्हा हॅम्प्टन हयात होता.