तपासलेली वही मागा

(खासगी शाळेच्या निवडीबद्दल पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी खासगी शाळेत मुख्याध्यापिका होते. प्रवेशाच्या दिवसांत तुम्ही टेबलाच्या ज्या बाजूला बसता, त्याच्या पलीकडची खुर्ची माझी असे. त्यामुळे आज मी जे बोलणार आहे त्यात थोडी घरभेदीपणाची छटा आहे, ती सांभाळून घ्या.

पालक आत आले की पहिला प्रश्न ठरलेला, "निकाल किती लागतो?" मग इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज जरा खाली येतो. "इथे साधारण कशा घरांतली मुलं येतात?" माझा अनुभव असा की बहुतेक घरांत निर्णय होतो तो या दुसऱ्या प्रश्नावर. आणि गंमत म्हणजे, पहिल्या प्रश्नाला मिळणारं उत्तर हेसुद्धा बरंचसं दुसऱ्याचंच उत्तर असतं.

अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये मार्क श्नायडर आणि जॅक बकली या दोन अभ्यासकांनी हे फार खुबीनं तपासलं होतं. त्यांचा लेख २००२ सालचा. शाळांची माहिती देणारं एक संकेतस्थळ होतं. तुम्हाला शाळेत काय महत्त्वाचं वाटतं असं विचारलं की पालक शिक्षक, अभ्यास, शिस्त असं सांगत. शाळेत कोणत्या समाजातली मुलं येतात हे महत्त्वाचं आहे असं तोंडानं म्हणणारं जवळजवळ कुणी नव्हतं. पण संगणकावर ते प्रत्यक्षात काय उघडून पाहतात याची नोंद काढली, तेव्हा मुलं कोण आणि शाळा कुठे, याकडेच ओढा दिसला.

यात पालकांना हसण्यासारखं काही नाही. संगत ही खरी गोष्ट आहे. १९६६ साली जेम्स कोलमन यांचा प्रसिद्ध अहवाल आला. सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी होती ती. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांच्यापेक्षा घरची परिस्थिती आणि बरोबरची मुलं यांचा गुणांशी जास्त संबंध आहे, असं त्यात निघालं. तेव्हा चांगल्या संगतीसाठी शाळा निवडली तर ती निवडा. फक्त आपण संगत विकत घेतोय हे स्वतःशी कबूल करा. तिला "उत्तम शिकवणं" असं नाव देऊ नका, कारण मग खरोखरचं शिकवणं तपासायचं राहूनच जातं.

आता निकालाकडे वळू. समजा एखादा दवाखाना फक्त धडधाकट माणसांनाच दाखल करून घेतो आणि आमच्याकडचे सगळे पेशंट ठणठणीत होऊन घरी जातात अशी पाटी लावतो, तर तुम्ही त्या डॉक्टरला हुशार म्हणाल का? शाळेच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो. प्रवेशाच्या वेळी मुलांची गाळणी, पालकांची मुलाखत, फी हीच एक गाळणी, मधल्या इयत्तांत मागे पडणाऱ्याला "त्याला दुसरीकडे जास्त बरं वाटेल" असं गोड शब्दांत सुचवणं. एवढं सगळं झाल्यावर जो निकाल लागतो त्यात शाळेचा वाटा किती, हे निकालाच्या फलकावरून कळूच शकत नाही.

पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय 'पिसा' चाचणी होते, तिच्या २००९ च्या फेरीत अनेक देशांत खासगी शाळांतली मुलं पुढे होती. पण विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या शाळासोबत्यांची घरची स्थिती हिशेबात धरली की बहुतेक ठिकाणी ती आघाडी विरून गेली. त्याहून मला जास्त बोलका वाटतो तो बॉस्टन आणि न्यूयॉर्कचा अभ्यास. तिथे कडक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या नामांकित शाळा आहेत. सरकारी आहेत, पण त्यांच्यासाठी पालक जिवाचं रान करतात. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तिघांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कटऑफच्या जेमतेम वर राहून आत गेलेली आणि जेमतेम खाली राहून बाहेर राहिलेली मुलं एकमेकांशी ताडून पाहिली. म्हणजे कुवतीनं सारखीच मुलं. आत गेलेल्यांना हुशार सोबती मिळाले, शाळेचं नाव मिळालं. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत मात्र फारसा फरक पडला नाही. यांतले जोशुआ अँग्रिस्ट म्हणजे २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते, तेव्हा गणित कच्चं असेल अशी शंका नको.

पुढे २०२० साली न्यूयॉर्कच्या पालकांनी दिलेल्या पसंतीक्रमांचा असाच अभ्यास झाला. पालक हुशार मुलांच्या शाळा वर लिहीत होते. पण सारख्याच हुशारीची मुलं असलेल्या दोन शाळांपैकी मुलांना जास्त पुढे नेणारी कोणती, याचा त्यांच्या पसंतीवर काही परिणाम दिसला नाही. आणि तो दिसणार तरी कसा? ही माहिती त्यांना कुणी दिलेलीच नसते.

दिली तर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. पाकिस्तानातल्या पंजाबात ११२ गावांमध्ये संशोधकांनी मुलांच्या चाचण्या घेतल्या. निम्म्या गावांत प्रत्येक मुलाचे आणि गावातल्या प्रत्येक शाळेचे गुण पालकांच्या हातात दिले. त्या गावांत मुलांचं शिकणं सुधारलं आणि खासगी शाळांची फी १७ टक्क्यांनी उतरली. हे वाचल्यावर, आमच्यासारख्या शाळा रंगीत माहितीपत्रकावर इतका खर्च का करतात आणि साध्या आकड्यांवर इतका कमी का, ते लक्षात येईल.

म्हणजे खासगी शाळेत जाण्यात अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेत जाण्याची संधी दिली. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीनंच होती, हिंदीत मात्र बरीच पुढे. आणि खासगी शाळांनी तेलुगू आणि गणिताला तासही कमी दिले होते, त्यांचा दर मुलामागचा खर्चही एक तृतीयांशाहून कमी होता. यावरून एक कामाची गोष्ट घ्या, ती म्हणजे वेळापत्रक मागा. कोणत्या विषयाला आठवड्याला किती तासिका आहेत ते मोजा. शाळेचा जीव कशात आहे ते वेळापत्रकात उघडं पडतं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. एकाच शाळेत, एकाच इयत्तेत, दोन तुकड्यांच्या शिक्षकांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा. टेक्सासमधल्या मुलांच्या गुणांवर रिव्हकिन, हनुशेक आणि केन यांनी २००५ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच आहे. त्यातच आणखी एक निष्कर्ष आहे की शिक्षक सुधारतो तो मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत. आता विचार करा, ज्या शाळेतून दरवर्षी निम्मे शिक्षक निघून जातात, तिथे तुमचं मूल कायम कुणाच्या तरी पहिल्याच वर्षात शिकत राहणार. म्हणून मुख्याध्यापकांना विचारा, "गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले?" उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा बघा. मी स्वतः हा प्रश्न झेलला आहे, सोपा नसतो.

आणि वह्या मागा. माहितीपत्रक नको, भिंतीवरचे तक्तेही नकोत, ते बाई घरी बसून करतात. गेल्या वर्षीच्या तपासलेल्या वह्या. एकाच वर्गातल्या पाच-सहा मुलांच्या, आणि त्या तुम्ही गठ्ठ्यातून मधूनच उचला, कारण वरच्या दोन नेहमी शहाण्या मुलांच्या ठेवलेल्या असतात.

सगळ्या वह्यांत एकाच प्रश्नाचं अगदी एकच उत्तर, स्वल्पविरामासकट, असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. अशी वही फार सुंदर दिसते. अक्षर नेटकं, समास आखलेला, खाली "छान!" असा शेरा. पालक खूश होतात. मला मात्र तिच्यात मूल कुठेच दिसत नाही. याउलट एखाद्या वहीत उत्तर चुकलेलं असेल, शिक्षकानं फुली न मारता बाजूला "हे तू कसं काढलंस?" असं लिहिलं असेल आणि त्याखाली मुलानं पुन्हा प्रयत्न केला असेल, तर त्या एका पानावर त्या वर्गात काय चालतं ते सगळं आहे. गणिताच्या वहीत खाडाखोड शोधा. निबंधाच्या वहीत पाचही मुलांची सहल एकाच वाक्यानं सुरू होते का, ते बघा. आणि लाल पेन किती आठवडे गायब आहे, तारखांवरून तेही लगेच कळतं. शाळेनं वही दाखवायला नकार दिला, तर तोही निर्णयाला उपयोगी पडतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. शाळा बघायला स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. शाळा सुटताना फाटकाशी उभे राहा आणि मोठी मुलं लहानांशी कशी वागतात ते पाहा. पहिलीची फी पाहून ठरवू नका, आजच्या दहावीच्या मुलाचे पालक काय भरतात ते विचारा, वर बस, गणवेश, उपक्रम हे धरून. आणि अंतर! रोज तासभर जाण्यात आणि तासभर येण्यात गेला, तर ते खेळण्यातून आणि झोपेतून वजा होतं. हा हिशेब कुणी मांडत नाही. पोहण्याच्या तलावाबद्दल मी काही बोलत नाही, आठवड्यातून एखादी तासिका, त्यातली निम्मी कपडे बदलण्यात जाते.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचते. "प्रवेश घेऊन वर्ष झालं, आता शाळा चुकली असं वाटतं. बदलावी का?"

आधी हे शोधा की चुकलंय ते शाळेचं की त्या एका वर्गाचं. वरच्या इयत्तेतल्या दोन-तीन पालकांशी बोला. पुढच्या वर्षीचे शिक्षक कोण आहेत ते विचारा. तक्रार वर्गापुरती असेल तर थांबा, कारण शाळा बदलली की मुलाला मित्र, वाट, सवयी सगळं नव्यानं जमवावं लागतं, आणि नव्या शाळेतही वाईट वर्ग वाट्याला येऊ शकतो. मुलाला येत नाही ते शाळेला सांगितल्यावर शाळा काय करते, यावर एक सत्र लक्ष ठेवा. काहीच करत नसेल तर वर्षअखेरीस बदला. पण मूल मार खात असेल किंवा चारचौघांत त्याचा अपमान होत असेल, तर वर्षअखेरीची वाट पाहू नका आणि भरलेल्या फीचा विचार करत बसू नका.