दोन ते आठ अंश

बीड जिल्ह्यातील या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळीच परिचारिका आइस पॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडतात, त्यांना घाम फुटू देतात आणि मग एकेक पॅक कानाशी धरून हलवतात. आत पाणी डचमळले तरच तो लसवाहक डब्यात जातो. कारण कडक गोठलेल्या पॅकला खेटून राहिलेली धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस-बीची लस गोठून निकामी होते. पलीकडच्या आयएलआरचे, म्हणजे लसी ठेवायच्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रीजचे, तापमान २ ते ८ अंशांतच राहायला हवे. त्याची नोंद वहीत दिवसातून दोनदा होते. बाहेर मात्र उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि वीज जाते ती वेगळीच.

एमआरएनए लस ही मुळातच अल्पजीवी. तिच्यात विषाणू नसतो, असतो तो केवळ एक सांगावा. पेशी तो वाचून विषाणूचे एक प्रथिन घडवतात, प्रतिकारयंत्रणा त्या प्रथिनाची ओळख धरते आणि थोड्याच दिवसांत सांगावा विरून जातो. बाहेरून आलेल्या आरएनएवर शरीर पूर्वी तुटून पडत असे. त्यातील युरिडिन या घटकाच्या जागी त्याचेच किंचित बदललेले रूप, स्यूडोयुरिडिन, घातल्यास हा भडका शमतो, हे कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना २०२३ चे नोबेल मिळाले. त्यावर स्निग्ध कणांचे वेष्टन चढले. तरीही फायझरच्या कोविड लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागे. तसा फ्रीजर या केंद्रात कुठून येणार?

पुण्याच्या जिनोव्हाने म्हणूनच लस गोठवून सुकवली, तिची भुकटी केली. ऐन वेळी द्रवात कालवायची ही 'जेमकोव्हॅक-१९' नेहमीच्या २ ते ८ अंशांत टिकते. सुमारे चार हजार स्वयंसेवकांवरील चाचण्यांनंतर जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली, तोवर बहुतेकांचे दोन्ही डोस झाले होते.

याच तंत्राने घडवलेल्या, निपाह विषाणूवरील एमआरएनए लसीची मानवी चाचणी अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात निरोगी प्रौढांमध्ये लस कितपत सुरक्षित आहे आणि प्रतिपिंडे तयार होतात का, एवढेच पाहतात. प्रत्यक्ष संरक्षणाचा प्रश्न पुढचा.

डब्यात चार पॅक बसले, मधोमध कुप्यांची पिशवी. परिचारिका प्रत्येक कुपीवरचा, उष्णता लागली की गडद होत जाणारा चौकोन भोवतीच्या वर्तुळाहून फिकट आहे ना, हे उजेडात धरून पाहतात, झाकण लावतात आणि डबा आशाताईंच्या हाती देतात. आज तांड्यावर लसीकरण आहे.