हसी कस, ओण कस

[दृश्य: पहाट. भाजीचं घाऊक मार्केट. ट्रकच्या दिव्याच्या उजेडात कोबी.]

कोबीचा गड्डा पोत्यात भरण्याआधी त्याची वरची तीन-चार पानं निघतात. फ्लॉवरचे देठ निघतात, मुळ्याचा पाला निघतो. सौदे संपेपर्यंत पायाखाली घोटाभर हिरवा चिखल. बेळगावात ज्याला कचरा म्हणतात, तो या वेळी अजून ताजा असतो. म्हशी वाट बघत उभ्याच आहेत.

म्हशी खातात तेवढं खातात. उरलेलं, आणि घराघरातलं, गाडीत पडतं आणि वेंगुर्ला रोडला लागतं. हिंडलगा, सुळगा, मग तुरमुरी. तिथं शहराचा कचरा उतरतो. त्याच रस्त्यानं आणखी पुढं गेलात तर बाची, आणि बाचीपलीकडं शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. डेपो कुठल्याही शहराचा असो, शेजारच्या गावांच्या वाट्याला वास, माश्या आणि काळं पाणी येतं.

[दृश्य: गल्ली. कचरागाडी. दारातून येणाऱ्या पिशव्या.]

गाडीवरचा भोंगा कन्नडमध्ये सांगतोय, ‘हसी कस, ओण कस.’ ओला कचरा, सुका कचरा. गल्ली मराठी आहे, पण एवढं कन्नड इथं पाळण्यातल्या पोरालाही कळतं. 2016 च्या घनकचरा नियमांनीही घरातच ओला, सुका आणि घातक वेगळा करायला सांगितलं. जिन्यावरून खाली येते ती मात्र एकच पिशवी. घट्ट गाठ मारलेली.

[दृश्य: पत्र्याची शेड. मावशींचे हात, जवळून.]

कंपोस्ट खत करायची ही शेड लहान आहे. आसपासची काही घरं, एक खानावळ आणि दोन भाजीवाल्या, एवढ्यांचाच ओला कचरा इथं येतो. मावशी गाठ सोडत बसत नाहीत, पिशवी फाडतात. चहाचा चोथा. दोडक्याच्या साली. शिळा भात. केसांचा गुंता. आणि ब्लेड, अर्धं, कागदातसुद्धा न गुंडाळलेलं.

‘सांगून सांगून दमलो बघा दादा. ब्लेड काय कुजतंय व्हय?’

मावशींच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे. ती कशाची, हे आम्ही विचारलं नाही.

निवडून झालं की थर लागतात. एक थर ओला, त्यावर सुका पाला, लाकडाचा भुसा किंवा उसाचं पाचट. पाचटाला या जिल्ह्यात तोटा नाही. फडात पेटवून देण्यापेक्षा इथं बरं. भाजीत नत्र जास्त, पाचटात कर्ब जास्त. कर्ब पंचवीस-तीस भाग आणि नत्र एक भाग, असं जमलं की जिवाणूंचं जेवण बसतं. ओल किती? मूठभर माल दाबायचा. बोटांच्या फटीत ओल दिसावी, थेंब गळू नये. मावशींना कर्ब-नत्र ठाऊक नाही. मूठ ठाऊक आहे.

[दृश्य: डिसेंबरची सकाळ. फावडं ढिगात शिरतं. वाफ.]

ही वाफ बघा. कुणी काही पेटवलेलं नाही. चार दिवसांत ढीग आतून एवढा तापलाय की थर्मामीटर 60 अंशांच्या पुढं गेला. या उष्णतेत तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. पण आत हवा लागते, म्हणून ढीग खालीवर करायचा. कुजका वास आला की समजायचं, ढिगाचा दम कोंडलाय.

हे ज्ञान काही आजचं नाही. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतकऱ्यांचं बघून कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. 1939 मध्ये सी. एन. आचार्य यांनी बंगळूर पद्धत मांडली: चरात शहराचा केर आणि मैला थराथरानं भरायचा, माती लिंपायची आणि महिनोन् महिने हात लावायचा नाही. तेव्हाच्या केरात शॅम्पूच्या पुड्या नव्हत्या, ही त्या काळाची चैन.

[दृश्य: काळी टाकी. वर आलेला डबा. निळी ज्योत.]

खानावळीचं उष्टं मात्र ढिगात जात नाही. भात, चपाती, आमटी, सगळं या टाकीत. गॅस साठला की वरचा डबा उचलला जातो. गोबरगॅस आपल्याला माहीत आहे. पण जनावरानं खाऊन, पचवून टाकलेल्या शेणात ताकद ती किती उरणार? पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी जिवाणूंना सरळ पिठूळ, गोड अन्न घातलं आणि शेणापेक्षा थोड्या मालात, थोड्या वेळात गॅस मिळवला. त्यांच्या ‘आरती’ संस्थेला 2006 चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. लिंबाच्या साली जास्त पडल्या की टाकी आंबते आणि गॅस बसतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे सिलिंडरमधला जेमतेम अर्धा किलो. त्यावर शहर चालणार नाही, पण हा चहा उकळलाय. टाकीतली मळी परत ढिगावर.

[दृश्य: चाळणी. मग लाल मातीचं शिवार.]

कंपोस्ट तयार झालं की चाळायचं. सरकारी प्रमाण असं, की शंभरातलं निदान नव्वद भाग 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडलं पाहिजे.

उचगावच्या बाजूच्या शिवारात रताळी होतात. मामांनी पोतं उघडलं, वास घेतला, मान हलवली. मग मूठभर खत तळहातावर पसरून अंगठ्यानं सावकाश चोळलं. काच शोधतायत. रताळं उपटून येत नाही, वरंबा उकरून मातीत हात घालावा लागतो, आणि तो हात बहुतेक घरातल्या बाईचा असतो.

काच सापडली नाही. सापडला तो चंदेरी पुडीचा नखाएवढा कोपरा. मामांनी तो उन्हात धरून बघितला आणि शेडवरच्या पोराच्या हातावर ठेवला.

‘दोन ट्रॉल्या टाक. पर आधी परत एकदा चाळ.’